मराठीत दिलेली साक्ष

प्रताप नगरच्या आमच्या महिला केंद्रात मावशी पहिल्यांदा आल्या, तेव्हा मला वाटलं सुनेशी काही खटकलं असेल. सत्तरी ओलांडलेली बाई, डोक्यावर पदर, बोलणं अस्सल नागपुरी. खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "एकाहत्तरच्या लढाईत मले फौजेनं उचलून नेलं होतं. तिकडच्या बाया आता न्याय मागून राहिल्या, मोबाइलवर पाहिलं. मले बी सांगायचं आहे."

मावशी मूळच्या पूर्व बंगालच्या. युद्धात सैनिकांनी त्यांना गावातल्या आणखी बायकांसोबत एका शाळेत डांबून ठेवलं होतं. सुटल्यावर सासरच्यांनी दार उघडलं नाही. सरहद्द ओलांडून त्या निर्वासितांच्या छावणीत आल्या. तिथे धान्याचा ट्रक घेऊन येणाऱ्या पारशिवनीच्या एका ड्रायव्हरनं त्यांच्याशी लग्न केलं आणि नागपूरला आणलं. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलाचं इतवारीत भांड्यांचं दुकान. आई बंगालची निर्वासित, एवढंच त्याला ठाऊक.

खटपट करून मी ढाक्याच्या एका वकीलबाईंना शोधलं. त्या अशा बायकांच्या साक्षी गोळा करत होत्या. त्या फौजेच्या सरकारकडे मागणी सरळ होती, गुन्हा झाला हे मान्य करा आणि माफी मागा. मावशींची साक्ष केंद्रातूनच व्हिडिओ कॉलवर घ्यायचं ठरलं.

त्या दुपारी मावशींबरोबर मुलगाही आला. मला जिन्यात गाठून म्हणाला, "ताई, माय काय सांगणार आहे ते मले माहीत नाही. पण काहीतरी आहे. आमच्या घरचं नाव कुठं येऊ देऊ नका."

मी त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं. मधे फक्त प्लायवूडची भिंत होती. पण साक्ष बंगालीत होणार होती आणि त्याला बंगालीचा एक शब्द येत नव्हता. मी त्याच भरवशावर होते.

रेकॉर्डिंगसाठी कूलर बंद करावा लागला. खोली लगेच तापली. गाव, नदी, वडिलांचं नाव हे सगळं मावशींनी बंगालीत भराभर सांगितलं. मग वकीलबाईंनी शाळेबद्दल विचारलं. मावशींचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. कपाळावरून घाम ओघळत होता. वकीलबाई म्हणाल्या, आज राहू द्या. मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तो मावशींनी बाजूला सारला.

"बंगालीत नाही होत. मराठीत सांगतो, तू तिले हिंदीत सांग."

मी वाकून कुजबुजले, "मावशी, बाहेर तुमचा मुलगा आहे. सगळं ऐकू जाईल."

"माहीत आहे वं मले."

आणि त्या बोलू लागल्या. मी हिंदी करत गेले. त्या 'मले' म्हणायच्या, मी 'मुझे' म्हणायचे. फास घेता येऊ नये म्हणून बायकांच्या साड्या काढून घेतल्या होत्या, हे त्यांनी सांगितलं. शेजारच्या घरातली एक मैत्रीण त्या शाळेतच मेली. तिचं नाव त्यांनी दोनदा उच्चारलं आणि नीट लिहिलं का, असं विचारलं.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. मुलगा उंबऱ्यात उभा होता. मी उठून त्याच्या आणि मावशींच्या मधे गेले. तो काय करेल याचा काही अंदाज येईना.

"बसा ताई," तो म्हणाला. मग आईकडे वळला. "बाबाले माहीत होतं?"

"सगळं. लग्नाच्या आधी मीच सांगतलं होतं."

"मग मले काहून नाही सांगतलं?"

"तू लहान होता. मग मोठा झाला, मग तुलेच लेकरं झाली. कवा सांगू गा?"

तो भिंतीला टेकून खालीच बसला. वकीलबाईंनी विचारलं, यांना बाहेर पाठवायचं का? मावशी म्हणाल्या, "राहू द्या." उरलेलं सगळं त्यांनी त्याच्यासमोर सांगितलं. त्यानं मान वर केली नाही.

शेवटी नावाचा प्रश्न आला. मावशींनी स्वतःचं नाव दिलं, वडिलांचं दिलं, नवऱ्याचं आडनाव दिलं नाही. "नातीचं लग्न व्हायचं आहे. त्याईले त्रास नको." मुलगा उठला. खाली जाऊन त्यानं स्कूटर सुरू केली, मावशी मागे बसल्या.

नंतर कित्येक दिवस मी फोन करायचे आणि तिकडून उचलला जायचा नाही. घरात काय चाललं असेल या विचारानं मला झोप लागेना. मग एकदा मुलाचाच फोन आला. "ताई, त्या कागदात मायच्या नावापुढं आमचं आडनाव लावता येते काय?" मी काही म्हणायच्या आत मागून मावशी ओरडल्या, "काही बदलू नका! मी सांगतलं तेच राहील!" मी म्हटलं, आधी त्यांच्याशी बोला. "तेच तर करून राहिलो," तो म्हणाला.

साक्ष इतर बायकांच्या साक्षींसोबत दाखल झाली आहे. माफी आलेली नाही. वकीलबाईंनी मावशींना ढाक्याला बोलावलंय, तिथल्या बायकांसोबत सगळ्यांसमोर बोलायला. सून घाबरते, मावशींचे गुडघे साथ देत नाहीत, आणि जायचं की नाही यावरून घरात रोज वाद होतो. पासपोर्टचा फोटो मात्र काढून झालाय.