डुकरांचं गाणं आणि माझ्या बहिणीची वरात

माझ्या पदवीचा आमच्या गावाला झालेला एकमेव उपयोग म्हणजे रानडुकरं पळाली.

घराण्यातला पहिला पदवीधर मी. चंद्रपूरच्या वसतिगृहातून घरी आणलं काय, तर एक जुनं इंग्रजी रॉक गाणं! माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं, पण वसतिगृहात रोज कुठल्या ना कुठल्या खोलीतून ते वाजायचंच. सुरुवातीलाच गिटार अशी किंचाळते, की झोपलेला माणूस पलंगावर उभा राहतो. (मी राहिलो आहे.)

आमची धानाची शेती जंगलाला लागून. राखणीला बाबा भोंग्यावर भजनं लावायचे. डुकरं शांतपणे ऐकत धान खायची. मी गाणं बदललं आणि पहिल्याच किंकाळीला अख्खा कळप जंगलात! बाबांचे डोळे भरून आले. "पोराचं शिक्षण कामी आलं!" पुढे डुकरं नुसत्या गाण्याला भिईनाशी झाली, तेव्हा गावाचा नियमच झाला. डुक्कर दिसलं की मचाणावरच्या माणसानं गाणं लावायचं आणि ते ऐकू येताच बाकीच्यांनी काठ्या, डबे घेऊन धावायचं.

अशात बहिणीचं, सुमनचं लग्न ठरलं. पाहुणे बल्लारपूरचे, मुहूर्त संध्याकाळचा, आणि धान कापणीला आलेलं! बाबांनी सोमामामाला मचाणावर बसवलं.

"डुक्कर दिसलं की गाणं लावजो, सोमा. आमी लगन टाकून येतो!"

वरात शेताच्या रस्त्यानं गावात शिरली. आम्ही मांडवाच्या दारात आरती घेऊन उभे. मी नव्या कोटात, डोक्याला फेटा. इतक्यात नवरदेवाचे वडील डीजेवाल्याला ओरडून म्हणाले (हे आम्हाला नंतर कळलं), "अरे, माह्या जवानीतलं ते इंग्रजी गाणं लाव ना!"

गिटार किंचाळली.

"डुक्कर आले!" बाबा गरजले. आणि मांडव रिकामा! आत्या आरतीच्या ताटासकट धावली. भटजी धावले. (त्यांचीही धानाची एक बांधी, म्हणजे खाचर, आहे.) शंभर माणसं काठ्या उगारून, डबे बडवत, शेताच्या दिशेनं, म्हणजे थेट वरातीवर! सगळ्यांच्या पुढे कोण? मी.

वऱ्हाडी बिचारे "मारून राह्यले! पळा!" म्हणत वाट फुटेल तिकडे पळाले. नवरदेव डीजेच्या गाडीखाली. तिथे वाकून पाहिलं कोणी, तर नवरीनं! शालू खोचलेला, हातात तेलाचा रिकामा डबा.

"अहो, तुमी इथी काऊन लपले?"

"तू काऊन मारून राह्यली?"

गाणं बंद झालं. सुमनचे होणारे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, फेटा सावरत पुढे आले. "हा पाहुणचार व्हय? चला रे, वरात वापस!" आईनं डोक्याला हात लावला. मी पुढे होऊन समजावलं, अगदी शिकल्यासवरल्यासारखं, "मामाजी, गैरसमज झाला. हे गाणं आम्ही डुकरांसाठी वाजवतो."

आता ते जास्तच भडकले!

"माह्या आवडीचं गाणं... डुकरांसाठी?"

सुमननं मला कोपरानं बाजूला सारलं. "दादा, तू चूप राह्य. मामाजी, एक सांगा. तुमचं गाणं वाजलं अन् आख्खं गाव पूजापाठ सोडून धावत आलं. बल्लारपुरात येते का कोणी असं?"

त्यांनी काठ्या-डबे घेतलेल्या गर्दीवर नजर फिरवली. मग मिशीतून हसू फुटलं. "नाई बा. तिथी तं घरचे दार लावून घेतात. डीजे, लाव पुन्हा!"

मग काय विचारता! दोन्ही व्याही गळ्यात गळा घालून नाचले. गाणं संपलं की पुन्हा सुरू, कधी गाडीवरून, कधी लांबून, चारी दिशांनी! मी म्हटलं, "वा! काय डीजे आहे!"

लग्न लागलं, पंगत बसली आणि घसा बसलेला सोमामामा काठी टेकत आला.

"गाणं लावून लावून थकलो म्या! एकही जण आला नाई! अर्धी बांधी खाल्ली ना डुकरांनी!"

बाबांनी जिलेबी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. "बाबू, आता असं गाणं आण, जे कोन्याच लग्नात वाजणार नाई."

मी पुष्कळ शोधलं. शेवटी बाबांनीच तोडगा काढला आणि माझ्याच आवाजात एक गाणं भरून घेतलं. तेव्हापासून डुकरं फिरकलेली नाहीत. आणि वरातीत अजून कोणी त्याची फर्माईश केलेली नाही!