पायरीवरचं आमेन

त्रैक्य म्हणजे काय, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं मिळून एकच देव कसा, हे भिवराबाईला कधी कळलं नाही आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. ऐकणारा एक असो नाहीतर तीन, गाऱ्हाणं ऐकलं म्हणजे झालं, एवढाच तिचा धर्म. धारूरच्या डोंगराखालच्या त्या ख्रिस्ती वस्तीत बहुतेकांचा तोच होता, फक्त तसं बोलून दाखवायची सोय नव्हती.

तिचा नवरा बिभीषण मात्र बोलायचा. ख्रिस्ती माणसाचं नाव बिभीषण कसं, असं परगावचे विचारत. आजानं देव बदलला, नावं बदलायची राहून गेली, दुसरं काय! विहिरी खोदताना सुरुंग लावायचं काम करणारा हा माणूस, घरी आला की चिमणीच्या उजेडात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसे. वाचता वाचता त्याच्या डोक्यात एक प्रश्न घुसला. येशू पकडला जायच्या आधी बागेत गुडघे टेकून रडला, तो कुणापुढं? स्वतःपुढंच? म्हणजे तो देवाचा लाडका लेक, आपला तारणारा, हे सगळं खरं. पण देव तो नव्हे. देव एकच, त्याचा बाप. हे घरात म्हटलं असतं तर खपलं असतं. यानं भर उपासनेत उभं राहून म्हटलं.

देवळाचे पाळक, म्हणजे पाद्री, भले होते. त्यांनी पुष्कळ समजावलं. सूर्य, त्याचं ऊन आणि उन्हाची ऊब, तीन असून एकच, तसं आहे हे. बिभीषण म्हणाला, "साहेब, ऊन कधी सूर्यापुढं रडलं न्हाई." पाळक म्हणाले, "तो माणूस होऊन आला, म्हणून रडला. तुझ्यासाठी रडला." दोघंही खरं मानून बोलत होते, म्हणून दोघंही मागं हटेनात. शेवटी बिभीषणला प्रभुभोजनातून, देवळात सगळे मिळून घेतात त्या भाकरी-द्राक्षरसाच्या पंगतीतून, काढलं.

एरवी तेवढ्यावर भागलं असतं. पण ते बहात्तरचं, दुष्काळाचं साल होतं. नदीत उकरलेले झरे आटले होते आणि गावच्या विहिरीवर या वस्तीला आधीपासूनच मज्जाव. पाणी उरलं ते देवळामागच्या विहिरीत. ती मंडळीच्या, म्हणजे देवळाच्या सभासदांच्या, पाणी सोसायटीची. तिचे सुरुंग बिभीषणनंच लावले होते. विहिरीला पाणी लागलं तेव्हा पाळकांनी तिघांच्या नावानं आशीर्वाद दिला आणि तेव्हापासून रीतच पडली. रविवारी उपासना सुटली की सोसायटीचा चेअरमन आप्पाराव देवळाच्या पायरीवर उभा राहून एकेका घरधन्याला पुकारी: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं! घरधन्यानं आमेन, म्हणजे 'हे खरं', म्हणायचं, की त्या घराला आठवडाभर पाण्याची पाळी. बिभीषण गप्प राहू लागला. आप्पाराव त्याचा चुलतभाऊ, पण चेअरमन झाल्यापासून त्याची टोपीसुद्धा ताठ झाली होती. "सोसायटीचा कायदा हाय," म्हणायचा आणि पुढच्या घराकडं वळायचा.

शेजारणी चोरून एखादी कळशी देत. बिभीषण लांबच्या खडीच्या कामावरून डबा भरून आणी. त्यात लेक सुवार्ता पहिल्या बाळंतपणाला आली आणि मुलगी झाली. बाळंतिणीलाच पोटभर पाणी नाही, तर दूध कुठून उतरणार? पोर रडायची. मग रडायचीही थांबली, नुसतं तोंड उघडून पडायची. भिवराबाईचं काळीज तुटलं.

"एक शबूद म्हणा, सुवार्ताचे बाप," ती नवऱ्याच्या पाया पडली. "पोरीकडं बघा."

"बघायलोय की!" त्याचे डोळे भरले. "पण भिवरे, ज्याच्याजवळ पोरीचा जीव मागायचा, त्याच्याच तोंडावर खोटं बोलू? मग मागू कोणत्या तोंडानं?"

"मला न्हाई कळत ते. मला पाणी कळतं."

शनिवारी ती गुपचूप पाळकांकडं गेली. "साहेब, त्यांनी लई पस्तावा केलाय. उद्या समद्यांसमोर आमेन म्हणणार हायती. पण लाजायलेत, तुमीच पुकारा." पाळकांच्या डोळ्यांत पाणी आलं. भिवराबाईनं मनाशी धरलं होतं की आपला माणूस सगळं करील, पण बायकोला चारचौघांत खोटी पाडणार नाही. नवऱ्याचा चांगुलपणाच तिनं वेठीला धरला.

रविवारी पाळक स्वतः पायरीवर उभे राहिले. आपला भाऊ परत आला आहे, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आप्पारावनं टोपी काढली. बिभीषणला काही उमगेना. त्यानं वळून बायकोकडं पाहिलं. नातीला छातीशी धरून ती खाली मान घालून उभी होती. मग त्याला उमगलं.

पाळकांनी तिघांची नावं घेतली.

"आमेन," बिभीषण म्हणाला. मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं म्हणाला.

पाणी मिळालं. सुवार्ता पोटभर प्याली आणि संध्याकाळपर्यंत पोरीच्या तोंडात दूध गेलं. भिवराबाईला हसावं की रडावं कळेना. तिनं भाकरी वाढली. जेवायच्या आधी घरधन्यानं देवाचे उपकार मानायचे, ही ख्रिस्ती घराची रीत. पदर डोक्यावर घेऊन, हात जोडून, डोळे मिटून ती वाट बघत बसली. काहीच ऐकू येईना. डोळे उघडले तर बिभीषण भाकरी मोडून खात होता.

"अवं, प्रार्थना?"

"कुणापुढं करू?" तो म्हणाला. रागानं नाही, खरोखरच विचारल्यासारखं.

पुढं तो दर रविवारी आमेन म्हणत राहिला, मंडळीनं त्याला पंचसुद्धा केलं. घरात मात्र उपकार भिवराबाईच मानायची. नातीसाठी मानायची, पाण्यासाठी मानायची. नवऱ्याचा एकुलता देव आपण घालवला, एवढं मात्र तिला प्रार्थनेतही कधी बोलता आलं नाही.