करंजा बंदरावरची चिमूटभर तंबाखू

पुण्याहून टॅक्सी घाट उतरून पनवेलला आली. अमेरिकेला परतायच्या विमानाआधीचे दोन दिवस मी माहेरासाठी राखून ठेवले होते, ते नेमके भांडणाचे निघाले. माझी भाची हर्षदा बँकेतली नोकरी सोडून वर्षभर किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायला निघाली होती, एकटीच. तिची गाडी उद्या दुपारी पनवेलहून सुटणार होती. दादाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, सांगून टाकलं होतं की गेलीस तर या घरात परत पाय ठेवायचा नाही. दादा शब्द फिरवत नाही, हीच भीती होती.

सोबत लोरेन आजी होत्या, अमेरिकेतल्या माझ्या शेजारीण. त्या ओजिब्वे (तिकडच्या मोठ्या सरोवरांकाठचे मूळ रहिवासी). सत्तरी ओलांडलेल्या, आणि खारं पाणी बघायचंच हा हट्ट. अशा घरात पाहुणी न्यायची अक्कल माझीच!

हर्षदा पनवेलच्या खोलीवर सामान बांधत होती. आम्ही उरणच्या रस्त्याला लागलो, कंटेनरच्या रांगेत रखडलो आणि उन्हं कलताना करंज्याला दादाच्या घरी पोचलो. वहिनीने बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. हर्षदाचं नाव कोणी काढलं नाही. वहिनीचे डोळे मात्र सुजले होते.

सकाळी बंदरावर मावऱ्याचा (मासळीचा) लिलाव ओसरला तेव्हा दादा आमच्याशेजारी येऊन बसला. त्याने पुडी काढली. पाहुण्याला आधी, या रीतीने चिमूटभर तंबाखू, चुना न लावता, आजींपुढे धरली.

"घेता का, मावशी?"

आजींनी ती डाव्या हातात घेतली, मूठ मिटली आणि मला विचारलं, "तुझ्या भावाला काय विचारायचंय?"

ओजिब्वे लोक वडीलधाऱ्यांना काही विचारायचं तर आधी हातात असेमा (तंबाखू) ठेवतात. घेतली की उत्तर देणं आलं. हा नुसता पाहुणचार आहे, असं मी सांगू शकले असते. नाही सांगितलं. दादालाच त्यांची रीत सांगितली.

"मी काय इचारलं नाय," दादा गुरकावला.

आजी बसून राहिल्या. बर्फवाला गाडा ढकलत गेला, बायकांनी टोपल्या धुतल्या. दादा उठून जाणार असं मला वाटलं.

"इचार तिला," तो एकदम म्हणाला. "पोरगी परत येल का?"

"ते मला माहीत नाही," आजी म्हणाल्या. "आमच्यात आयुष्याच्या सात अवस्था सांगतात. पहिली मांडीवरची, सुखाची. दुसरी धावण्याची. तिसरी भटकण्याची. ती झाल्यावर माणूस स्वतःचं खरं शोधतो, मग पेरतो, मग राबतो, शेवटी म्हातारा होऊन मिळालेलं वाटतो. तुझी मुलगी तिसरीत आहे. तू कधी भटकलास?"

मी मराठीत सांगितलं. दादा पाण्याकडे बघत म्हणाला,

"बा गेला तवा मी शाळंत व्हतो. कार्य उरकलं नि होडीवर चढलो. मना कोन भटकाया देनार?"

आजींनी मूठ उघडून तंबाखू पाण्यावर सोडली, अर्घ्य सोडावं तशी. दादा जाळ्याकडे निघून गेला.

दुपारी पनवेल स्टेशनवर हर्षदा सारखी जिन्याकडे बघत होती. "आत्या, बाबा नाही येणार," ती म्हणाली. गाडी फलाटाला लागली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. इतक्यात दादा आला, घामाघूम, हातात सुकटीचा डबा.

"झाकन घट लाव, वास येल," तो म्हणाला. मग गाडी हलताना खिडकीचे गज धरून, "कंटाळलीस की ये. नाय कंटाळलीस तरी ये."

विमानतळाच्या वाटेवर वहिनीचा फोन आला. दादा घरी पोचलाच नव्हता, संध्याकाळचा लिलावही चुकवला होता. चार वेळा लावल्यावर त्याने फोन उचलला.

"कुटं हायस तू?"

"कर्नाल्याच्या रानात, पनवेलच्या म्होरं. इतकी वर्सं नुस्ता नावच आयकलाय."

"काय काम काढलंस तिकडं?"

"काय नाय," दादा म्हणाला. "पाखरं बगतोय."

मी आजींना सांगितलं आणि टॅक्सीत ढसाढसा रडले.