लेकीच्या घराला मी घेतलेली हरकत

परंड्याच्या तहसील कचेरीबाहेर मी गेली सत्तावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण दहावीपाशी थांबले. तथापि माझ्या हातचा अर्ज मजकुरातील दोषामुळे परत आला, असे कधी घडलेले नव्हते. वकिलांचे कारकूनदेखील वारसनोंदीचे कागद माझ्या नजरेखालून घालून नेतात. हे सांगण्यात आत्मस्तुतीचा हेतू नाही. पुढे जे घडले ते अज्ञानातून घडले असे कोणी समजू नये, एवढ्यासाठीच सांगतो.

माझी एकुलती एक मुलगी धाराशिवला रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीस आहे. सहा वर्षे ती भाड्याच्या खोलीत राहिली. मग लग्नाआधीच, स्वतःच्या पगारावर, तिने घर घ्यायचे ठरवले. एका रविवारी गावी येऊन तिने मोबाइलवर त्या घराचे फोटो दाखवले. दोन खोल्या, पुढे ओटा, मागच्या अंगाला शेवग्याचे झाड. तिची आई फोटो बोटांनी मोठा करून करून पाहत होती. मी म्हणालो, "भिंती काय बघायच्या? कागद दाखव."

"कागद वकिलाकडं आहेत, अण्णा. शनिवारी या, फाइल बघा. काय विचारायचं ते विचारा त्यांना."

"किती वर्षांचा आहे वकील?"

"असंल तिशीतला. पण नीट आहे माणूस."

लोक माझ्याकडे चालत येतात. तिशीतल्या वकिलाच्या बाकावर बसून आपल्याच मुलीची फाइल पाहायला मागायची, हे माझ्याने होण्यासारखे नव्हते. तो शनिवार गेला, पुढचाही गेला. तिने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी कामात असल्याचे कळवले. खरेदीखत ती माझ्याकडूनच लिहून घेईल अशी माझी अपेक्षा होती. ती मी बोलून दाखवली नाही. अशी गोष्ट बापाने मागायची नसते, लेकराने ओळखायची असते, असे मी समजत होतो.

नंतर वर्तमानपत्रात त्या वकिलाची जाहीर नोटीस आली. घर विकत घेण्याआधी अशी नोटीस देण्याचा रिवाज आहे: सदर मिळकतीत कोणाचा हक्क अथवा हितसंबंध असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे, अन्यथा व्यवहार पूर्ण केला जाईल. माझी सकाळ अशा नोटिसा वाचण्यातच जाते. विकणाऱ्याला ते घर वडिलांच्या पश्चात मिळाले होते, असे त्यात म्हटले होते. बहिणीचा उल्लेख नव्हता. मी ओळखीत चौकशी केली. त्याला बहीण होती, तुळजापूरला दिलेली.

बहिणीने हक्क सोडल्याचा कागद नसताना घेतलेली घरे पुढे कोर्टात कशी अडकतात, हे मी माझ्या टेबलावर पाहिले आहे. मुलीला फोन करून विचारणे हा एक मार्ग होता. मी तो पत्करला नाही. कोरा कागद घेतला आणि वकिलाच्या नावे रीतसर हरकत लिहिली. "अर्जदार हा खरेदीदार हिचा पिता असून" अशी सुरुवात केली. दीड पानाचा मजकूर झाला. इतका मुद्देसूद कागद माझ्या हातून क्वचितच उतरला असेल. आणि शेवटी, डाव्या बाजूला खाली, लिहिले: प्रत माहितीस्तव सादर. त्याखाली, तिचे कर्जप्रकरण ज्या बँकेत होते तिचे नाव घातले.

माझा कोणताही अर्ज एकाच ठिकाणी जात नाही. दुसरीकडे प्रत गेली की पहिल्याला कागद दाबून ठेवता येत नाही, हे मी कितीतरी गोरगरिबांना शिकवले आहे. तीच रीत मी लेकीवर चालवली. दोन्ही लिफाफे त्याच दिवशी टपालात पडले.

वकिलाने माझी हरकत वाचून हसून बाजूला ठेवली, असे पुढे समजले. बँकेला तसे करता येत नाही. खुद्द बापच लेखी हरकत घेतो म्हटल्यावर त्यांनी प्रकरण थांबवले.

त्याच आठवड्यात मुलगी रजा टाकून परंड्याला आली. घरी न जाता थेट माझ्या टेबलाशी. सोनारीचे एक म्हातारे गृहस्थ शेतरस्त्याचा अर्ज लिहून घेत होते. ती त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला. बहिणीचे हक्कसोडपत्र होते. नोंदणी झालेले, सह्या-साक्षी बिनचूक.

"हे फाइलीत होतं, अण्णा. पहिल्या दिवसापासनं."

"मला कोणी दाखवलं नाही."

"दोनदा बोलावलं तुम्हाला."

म्हातारे मध्येच म्हणाले, "घराचं काम हाय व्हय? मग आधी बापाला इचारावं, बाय. बापाचा जीव लई तुटतो."

"इचारलं, आजोबा. बाप म्हणला, कामात हाय."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि तंबाखूची पिशवी काढली.

"घरमालक सोमवारपर्यंत थांबतो म्हणलाय," ती मला म्हणाली. "दुसरं गिऱ्हाईक त्याच्या दारात आहे. मला दोन ओळी लिहून द्या. माझी माहिती चुकीची होती, माझी हरकत नाही. बस."

त्या दोन ओळी मला लिहिता आल्या नाहीत. लेखणी कागदाला टेकली की 'चुकीची' हा शब्द उतरेना. समोर एक पक्षकार बसला होता. मी लिहिले: "उपरोक्त मुद्द्यांचे समाधानकारक निरसन होण्याच्या अधीन राहून, अर्जदार आपली हरकत तूर्त मागे घेत आहे." तिने ते सावकाश वाचले. ही भाषा तिची नव्हे.

"चालंल ना हे बँकेत?"

"न चालायला काय झालं?" मी म्हणालो.

तिने विश्वासाने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. बापाचा कागद होता.

बँकेने तो नाकारला. अटी घालून मागे घेतलेली हरकत कायम धरली जाते, असे त्यांचे म्हणणे. ते बरोबर होते. माझ्याकडे तसा कागद आला असता तर मीही तेच सांगितले असते. सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. मंगळवारी सकाळी मी त्या दोन ओळी लिहिल्या, एसटीने धाराशिव गाठले, बँकेत पोचीचा शिक्का घेतला. बाहेर येऊन तिला फोन लावला.

"त्यानं काल दुसऱ्याला शब्द दिला, अण्णा. आता राहू द्या." तिने फोन ठेवला.

घरी पत्नीने भाकरी वाढली आणि समोर बसून राहिली. "अवो, एकदा तोंडानं बोलला असता तर? लेकीशीबी अर्जच करायचा का माणसानं?" मला उत्तर देता आले असते. एखाद्याचे भले चिंतताना कायदेशीर मार्ग धरला, यात गैर काय, असे मी आजही विचारू शकतो. फक्त विचारायला कोणी समोर बसत नाही.

दीड वर्षाने तिने तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आम्हाला कळले ते खरेदीखत नोंदल्यानंतर, तेही तिच्या आईच्या फोनवर. वास्तुशांतीला आम्ही दोघे गेलो. ओटा नाही, झाड नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. तो वकील आला होता. त्याने उठून मला खुर्ची दिली. मी बसलो.

जेवताना तिच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी कौतुकाने विचारले, "काका, तुम्ही तर कागदातलेच माणूस. हिचं खरेदीखत तुम्हीच लिहिलं असणार."

मी म्हणालो, "हो."

मुलगी वरणाचे पातेले घेऊन माझ्या पानापाशीच उभी होती. वकीलही दोन पाने सोडून बसला होता. तिने माझ्या भातावर वरण वाढले, "अजून देऊ?" असे विचारले, आणि माझे उत्तर येण्याआधी पुढच्या पानाकडे सरकली.