पांढऱ्या पाटीवरची हळद

नांदेडला एमएस्सी करताना मी सगळ्यात जास्त शिव्या कुणाला दिल्या असतील तर ढगांना. सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, साध्या फोटोत तीनच रंग असतात; हायपरस्पेक्ट्रल फोटोत त्याच उजेडाचे शेकडो बारीक पट्टे पडतात. पान आपल्याला हिरवंगार दिसत असतं, तेव्हाच त्या पट्ट्यांत रोग दिसायला लागतो. उपग्रहाच्या चित्रात तो ओळखायचा, तर आधी लख्ख उन्हात शेतात उभं राहून पानांवरून परतणाऱ्या उजेडाचे आलेख घ्यावे लागतात. माझा प्रबंध सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅक रोगावर होता. मुदत एकदा वाढवून झाली होती. या हंगामात आलेख मिळाले नाहीत, तर नाव कटणार होतं.

आणि मेलं आभाळ उघडेना! आलेख घ्यायचं विभागातलं एकुलतं एक मशीन घेऊन मी मुरुडजवळ आमच्या रानात येऊन बसले होते, सोमवारी परत द्यायचं होतं. जरा ऊन पडलं की लगेच सावली. रोज रडकुंडीला यायची मी. जेवण जाईना, घरच्यांवर खेकसायची. रविवारी उठले तर आभाळ लख्ख!

धावत ओसरीवर आले. मशीनच्या पेटीला हळदकुंकू, वर जास्वंदीचं फूल, पुढं उदबत्ती.

"आई, अगं काय करून राहिलीस हे?"

"नवी मशीन घरात आली, तिला पुजायचं न्हाई व्हय? ट्रॅक्टरला पुजलंच की आपण."

भांडायला वेळ कुठला! पेटी पुसली आणि रान गाठलं. थोडी पानं मोजली की पेटीतली पांढरी पाटी मोजायची, पानावरून परतलेला उजेड पाटीवरच्या उजेडाशी ताडून बघायचा. पाटी शुभ्र असेल तरच आलेख खरा. ऊन कलेपर्यंत आई ती पाटी कडेनं धरून माझ्याबरोबर चिखलात उभी होती.

सोमवारी सरांनी आलेख स्क्रीनवर लावले. चांगलं पान असो की रोगट, सगळ्यांना निळ्या भागात एकसारखा फुगवटा.

"हा कुठला नवा रोग काढलास बाई?" सर म्हणाले आणि चहाला गेले.

मी पाटी खिडकीशी नेऊन पाहिली. पाटीच्या चौकटीच्या फटीत पिवळी रेघ होती. पाटीलाही हळद लागली होती आणि कुणीतरी ती पुसली होती. पाटी निळा उजेड खात होती, म्हणून प्रत्येक पान जास्तच निळं भरत होतं. घाबरून मी बेसिनवर नेऊन साबणानं ती पाटी घासून घासून धुतली.

सर आले आणि डोक्याला हात लावून बसले. "अगं, डाग तसाच राहिला असता तर मोजून वजा करता आला असता. आता कशावरून काढायचा?"

मशीन दुसऱ्याच दिवशी हदगावच्या कापसावर जाणार होतं. ते परत येईपर्यंत सोयाबीनची काढणी झालेली असणार. दोन वर्षं मातीत गेली, एवढंच मला कळत होतं. जिन्यात बसून मी हुंदके देऊन रडले. तेवढ्यात आईचा फोन आला.

"मशीन नीट चालली का गं?"

"हाव आई. लई चांगली चालली."

"बघ! तुझ्या बापाला म्हणलंच व्हतं मी. त्या पांढऱ्या पाटीवर तर तुझ्या नावानं स्वस्तिक काढलं व्हतं. मंग तू रागावशील म्हणून पुसून टाकलं."