मे महिन्यात अडकलेलं दार

माझ्या लग्नाच्या दिवशी, मुहूर्त तासाभरावर आलेला असताना, मी आमच्या मधल्या खोलीत एकटी अडकून पडले होते. अंगावर शालू, कपाळावर मुंडावळ्या, हातावर कोपरापर्यंत मेंदी. बाहेर आई रडकुंडीला आलेली, मामा दाराला खांदे मारत होता, मांडवात बँडवाले एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होते. आणि मला मात्र हसू आवरत नव्हतं. खाटेवर बसून मी स्वतःशीच म्हणत होते, वा गं बाई, अगदी वेळेवर फुगलीस!

ही बाई म्हणजे आमच्या घराखालची माती. पण आधी दाराचं सांगते.

आमचं घर इंदापूर तालुक्यात, वरकुट्याच्या शिवारात, भर काळ्या रानात. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ते हौसेनं बांधलं आणि दारं-खिडक्या करायला सांगितल्या त्यांच्या जिवलग मित्राला. तो सुतार. वाटेच्या पलीकडं, आमच्या खिडकीसमोरच त्याचं पत्र्याचं शेड. मी त्यांना काका म्हणते. लहानपणी त्यांच्या शेडमधल्या भुशात लोळूनच मी मोठी झाले.

घर झालं आणि पहिल्याच पावसाळ्यात मधल्या खोलीचं दार चौकटीत गच्च बसलं. दिवाळीनंतर आपोआप सुटलं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. आबांनी निकाल दिला, मित्रानं ओलं लाकूड गळ्यात मारलं. काकांच्या कानावर ते गेलं. ते एवढंच म्हणाले, “ज्याला माझं लाकूड कळंना, त्येला मी काय कळणार?” त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आबा दरवर्षी रंधा घेऊन त्या दाराचा वरचा काठ तासायचे आणि पलीकडं ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं खाकरायचे. पलीकडून काका तेवढ्याच मोठ्यानं खाकरायचे. आमच्याकडं पावसाळा आलेला असा कळायचा.

पुढं मी बारामतीला कृषी महाविद्यालयात गेले आणि मृदाशास्त्र घेतलं. सगळे हसले. शेतकऱ्याच्या पोरीनं माती शिकायला पैसे भरायचे? पण मी त्या विषयाच्या प्रेमातच पडले. नवरा नंतरचा, आधी चिकणमाती. ढेकूळ म्हणून ज्याला लाथ मारतो त्याच्या आत इतकी नेटकी मांडणी असते हे कळलं तेव्हा मी वसतिगृहाच्या जिन्यात नाचले होते. मैत्रिणींना वाटलं, कुणीतरी मागणी घातली.

त्यातलं सगळ्यात गोड प्रकरण पुरणपोळीसारखं आहे. चिकणमातीची खनिजं पापुद्र्यांची बनलेली, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या पापुद्र्यांची. एका जातीचा पापुद्रा सिलिकाचा, दुसरा ॲल्युमिनाचा. कोकणात धो धो पाऊस. तिथं कातळातला चुना, मॅग्नेशियम सगळं वाहून जातं आणि मागं केओलिनाइट उरतं. त्यात एकाला एक पापुद्रा, आणि अशा जोड्या एकमेकींना इतक्या घट्ट धरलेल्या की मध्ये पाणी शिरत नाही. शहाणी, सोशिक माती. आमच्याकडं पाऊस मोजका. त्याच काळ्या कातळाची माती होते, पण वाहून फारसं काही जात नाही, म्हणून इथं माँटमोरिलोनाइट तयार होतं. खाली-वर सिलिका आणि मध्ये पुरणाच्या जागी ॲल्युमिना. अशा पोळ्यांची चवड, पण एक पोळी दुसरीला नीट चिकटलेलीच नाही. पाणी आलं की दोन पोळ्यांच्या मध्ये घुसतं आणि सगळी चवड फुगते. वाळली की आक्रसते आणि रानाला भेगा पडतात. तिसरी इलाइट. पोळ्या तशाच, पण मध्ये पोटॅशियम असं चपखल बसलेलं की त्या सहसा सुटत नाहीत. किती पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये कोण बसलंय, एवढ्यावर ही सगळी वर्गवारी चालते. सोयरीक बघतानाही माणसं याहून जास्त काही विचारत नाहीत.

हे सगळं कळल्याबरोबर मी सुट्टीत धावत घरी आले. आबांना म्हटलं, पावसाळ्यात पायाखालची माती फुगते, एका बाजूची भिंत उचलली जाते, चौकट तिरकी होते आणि दार अडकतं. काकांचा काही दोष नाही. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “माती फुगली आसती तर मी आन तुझी आई खाटंवर झोपल्या झोपल्या वर गेलो आसतो. फुगतं ते लाकूड. तू त्याची वकिली करू नगंस.”

माझ्या वकिलीत एक खोट होतीच. पावसाळ्यात माती फुगते आणि लाकूडही फुगतं. दोघांवर एकाच वेळी पाणी पडत असेल तर गुन्हेगार कोण, हे ठरवायचं कसं? प्रयोगशाळेत आम्ही एक गोष्ट बदलायचो आणि दुसरी तशीच ठेवायचो. ढगाला असं कोण सांगणार?

मग माझं लग्न ठरलं, मे महिन्यातलं, आमच्याच दारात. पहिली पत्रिका घेऊन मी वाट ओलांडून काकांकडं गेले. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली आणि म्हणाले, “तुझा आबा सोता बोलवाया आला, तरच यीन.” आबांना सांगितलं तर ते म्हणाले, “ज्याच्या दारानं माझं घर नासलं त्याच्या अक्षता माझ्या लेकीच्या डोक्यावर न्हाय पडायच्या.” मी रात्रभर रडले. मला काका माझ्या लग्नात हवे होते. बाकी मला काही म्हणजे काही नको होतं.

लग्नाच्या आठवड्यात पाटाला पाणी आलं. घरामागच्या मोकळ्या रानात पंगत बसायची होती आणि तिथं फुफाटा. आबांना वाटलं, पाणी सोडावं म्हणजे धुरळा बसेल. त्या रानाला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा. भिंतीला लागूनही भेगा. मी म्हटलं, “आबा, भिंतीकडं नगं पाणी.” ते म्हणाले, “नवरीनं हळद लावून घ्यावी. रानात नाक खुपसू न्हाई.” पाणी पुढं सरकतच नव्हतं, सगळं भेगांमधून खाली जात होतं. आबा काठावर उभं राहून कौतुकानं बघत होते. “कशी गटागटा पितीया बघ!” त्यांनी पाणी रात्रभर चालू ठेवलं.

लग्नाच्या सकाळी ते दार कुरकुरत होतं. माझं आवरत आलं होतं, तेवढ्यात फोटोग्राफर घरात शिरायला लागला. आईनं बाहेर जाऊन सगळी ताकद लावून दार ओढून घेतलं. ते बसलं ते बसलंच.

बाहेर एकच गलका. आत्या म्हणाली दृष्ट लागली. मामा म्हणाला, “कुऱ्हाड आणा, फोडून काढू.” मी उडी मारून उठले आणि आतून कडी घातली.

“खबरदार दाराला हात लावला तर! आबा कुठं हायत?”

“हाय हितंच,” आबांचा आवाज आला.

“आबा, कोणता महिना हाय?”

“मे.”

“पाऊस पडलाय का?”

“आत्ता कुठला पाऊस?”

“उन्हानं लाकूड वाळून खडखडीत झालंय. मग ते फुगलं कशानं? पाणी प्यालीया ती माती. आन पाजलंय तुमी!”

मामा फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला.

“काका आले तरच मी कडी काढणार,” मी म्हटलं. “तुमी सोता जायचं.”

“अगं, मुहूर्त!” आई ओरडली.

“मुहूर्ताचं आबांना इचार.”

तेवढ्यात माझ्या मोबाइलवर मांडवातून नवऱ्याचा मेसेज आला. उशीर का होतोय? तो शाळेत इतिहास शिकवतो. मी लिहिलं, माँटमोरिलोनाइटमुळं. त्यानं विचारलं, हा कोण? मी खाटेवर गडबडा लोळले. मुंडावळी नाकावर आली.

लोळून उठून खिडकीतून पाहिलं तर फेटा बांधलेले आबा वाट ओलांडत होते.

माझं हसू थांबलं. काका शेडमध्ये फळीवर रंधा मारत होते. आबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. फेटा सारखा केला, पायानं ढलप्या इकडंतिकडं केल्या, पुन्हा फेटा सारखा केला. काकांनी एकदा त्यांच्याकडं आणि एकदा माझ्या खिडकीकडं पाहिलं. रंधा खाली ठेवला, हात धुतले. मग खिळ्यावरचा सदरा काढून अंगात घातला. तो पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा होता. सकाळपासून तिथं तयार टांगलेला असणार. मला रडू फुटलं.

काका खिडकीशी आले आणि गजांमधून स्क्रू-ड्रायव्हर आत दिला. “बिजागरीचं स्क्रू काढ. खालनं सुरू कर. आन डोळं पूस, काजळ पसरलंय.”

शालूचा पदर खोचून मी बसले. मेंदीच्या हातांनी स्क्रू फिरवताना मला कधी नव्हे इतकं नटल्यासारखं वाटत होतं. एक स्क्रू हटेना. काका म्हणाले, “जोर लाव. मेण लावून बसवलाय, गंजला नसंल.” आणि खरंच तो फिरला. शेवटचा निघाला तशी मी कडी काढली. आबा आणि काका दोघांनी बाहेरून रेटा दिला, दार वरच्या काठाला करकरलं आणि सुटलं. मी खाटेवर उडी मारली. त्यांनी दोन्ही टोकांनी ते अलगद झेललं.

आईनं माझा दंड धरून मला मांडवाकडं पळवलं. आणि मागं वळून पाहते तो काय, दार उचलून दोघं आमच्या मागून येतायत! खाली ठेव म्हणायचं तर आधी बोलावं लागणार, आणि आधी बोलायचं कुणी? ओसरीवरून अंगणात, अंगणातून मांडवात. बँडवाल्यांना वाटलं, हीच काहीतरी रीत असेल. त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली. फोटोग्राफरचा ड्रोन मला सोडून दाराच्या मागं लागला. पोरं पुढं नाचायला लागली. भटजींनी अंतरपाट हातात धरून विचारलं, “हे कशाला?” अंतरपाटाच्या पलीकडून नवरा मान उंचावून दाराकडं बघत होता.

दोघं माझ्याशेजारी येऊन थांबले. आबांच्या हातात वरचं टोक होतं, ते इतकी वर्षं तासत आले होते ते. उन्हात त्यांनी त्या काठावरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. बँड थांबला होता.

“कोरडंठाक हाय रं,” आबा म्हणाले.

“पयल्यापास्नं हाय,” काका म्हणाले.

दोघांनी दार मांडवाच्या खांबाला टेकवलं. आबांनी ताटातल्या अक्षता ओंजळीत घेतल्या आणि सगळ्या काकांच्या हातात ओतल्या. माझ्या डोक्यावर पडलेली पहिली मूठ काकांची होती.