छपरातली काजळी

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर जाणाऱ्या कंपनी बसमध्ये माझ्या शेजारी एक इंग्रज इंजिनिअर बसायचा. इतका उंच, की त्याचे गुडघे पुढच्या माणसाच्या कानाला लागायचे. नाव विचारायचं राहिलंच. इंग्लंडमधल्या आपल्या गावाकडच्या जुन्या शेतघरांवर तो बोलायचा थांबेल तर ना!

एकदा त्याने अशाच एका घराचा फोटो माझ्या नाकाशी धरला. विटांची भिंत अलीकडची, म्हणून घरही जुनं नाही असं धरून ते पाडायला निघाले होते.

"भिंत सोड, छपराचे वासे बघ," तो म्हणाला.

वासे काजळीने काळेकुट्ट. म्हणजे धुराडं नव्हतं तेव्हा चूल घराच्या मधोमध पेटायची. घर त्या भिंतीहून कितीतरी जुनं. हे सिद्ध करायला तो सुट्टीत गावी जाऊन माळ्यावर सरपटला आणि लंगडत परतला.

महिन्याभराने तो ओरडतच बसमध्ये चढला, "घर वाचलं! सरकारने पाडायला बंदी घातली!" मी डब्यातले बेसनाचे लाडू अख्ख्या बसला वाटले. सहा त्यानेच खाल्ले.

"घर तुमचंच ना?"

"नो लाह!" तो सिंगापुरी थाटात म्हणाला. "ज्याचं आहे तोच पाडत होता. मी माळ्यावर असताना त्यानेच शिडी काढून घेतली."

मी त्याच्या लंगड्या पायाकडे बघितलं. स्वतःच्या फ्लॅटसाठी मी स्टुलावरूनसुद्धा उडी मारणार नाही.